एकटीनं जायचं होतं

सुभद्राबाई आपल्या डाव्या पायाशी बोलत असत. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या खणखणीत आवाजात. "चाल गा, जन्मभर फिरवलं तुले, आता काहून रुसून राहिला?" धरमपेठेतल्या त्या फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये मी बाबांना पहिल्यांदा घेऊन गेले, तेव्हा मला वाटलं, बाई कुणातरी पोराला रागावतेय. पाहिलं, तर आधाराच्या दोन दांड्यांमध्ये एक ठेंगणी, सावळी बाई उभी होती. डावा हात पोटाशी दुमडलेला, ओठाचा एक कोपरा ओघळलेला आणि नजर खाली, पायावर.

सकाळी पाणी भरता भरता त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. सरकारी दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. मुलगा कळमन्याच्या बाजारात मालाची गाडी चालवायचा, त्याला पहाटेच निघावं लागे. म्हणून सून सुनीता त्यांना ऑटोनं घेऊन यायची. ती कमी बोलायची. पाण्याची बाटली मांडीवर धरून कोपऱ्यात बसायची आणि सासूवरून नजर हटवायची नाही.

माझे बाबा जिन्यावरून पडले होते. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, पण भीती काही गेली नाही. उभं राहा म्हटलं की ते आमच्यावरच चिडायचे. शाळेत मुख्याध्यापक होते. समजावलेलं ऐकायची त्यांना सवय नव्हती. एक दिवस सुभद्राबाई खुर्चीवरून त्यांना म्हणाल्या, "मास्तर, पडाची भीती वाटते ना? मलेही वाटते. व्हा उभे, सोबतीनं भिऊ." ऑपरेशननंतर बाबा प्रथमच हसले. वॉकर धरून उभेही राहिले.

थेरपिस्ट मॅडम प्रत्येकाला विचारायच्या, बरं झाल्यावर काय करायचंय? कुणाला बागेत फिरायचं होतं, बाबांना नातीच्या लग्नाला उभं राहायचं होतं. सुभद्राबाई म्हणाल्या, "मले संडासात एकटीनं जायचं आहे. बस." कुणी हसलं नाही. तिथल्या प्रत्येकाला ते कळत होतं.

नंतर बाकावर माझ्याशेजारी बसून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नोकरीभर लोकाइचं केलं वं मी. कधी किळस नाही केली. पण सून माझं करते, तं मी भिंतीकडे तोंड करून राहते. ती काही बोलत नाही बिचारी. तेच सहन नाही होत." सुनीता तेव्हा बाहेर ऑटो बघायला गेली होती.

त्यांनी त्या एका गोष्टीसाठी जे कष्ट घेतले, तसे मी कुणाला घेताना पाहिले नाहीत. खुर्चीतून उठायचं, एका हातानं आधार धरून वळायचं, पुन्हा बसायचं. घामानं पोलकं भिजायचं. चुकलं की पायाला शिव्या, जमलं की त्यालाच शाबासकी. मुलानं घरी संडासाच्या भिंतीत स्टीलचा दांडा बसवून दिला. दिवाळी झाल्यावर एकदा त्या पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. बाबांनी विचारलं, "कशाचे?" त्या म्हणाल्या, "पास झाली ना, मास्तर!" सगळ्यांना कळलं. मॅडमनी पेढा खाता खाता बजावलं, "दाराबाहेर कुणीतरी असू द्या. आणि आतून कडी लावायची नाही." त्यांनी मान हलवली.

मग त्या यायच्या बंद झाल्या. फोन केला तर सुनीता म्हणाली, "पडल्या ताई. खुबा मोडला."

मी भेटायला गेले. खाटेवर त्या अगदी लहान दिसत होत्या. हृदयाला ऑपरेशन सोसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मॅडम घरी येऊन व्यायाम द्यायला तयार होत्या; सुभद्राबाईंनीच नको म्हटलं. जी बाई हॉलभर लोकांना उठवत होती, तिला उठायला सांगण्याची माझी हिंमत झाली नाही. सुनीता चहा करायला आत गेली, तशी त्यांनी माझा हात धरला. "तिले सांगजो, तिचा काही दोष नाही. कडी मीच लावली होती. दार उघडं ठेवून जायचं असतं, तं इतकं शिकलीच काहून असती?"

"तुम्हीच सांगा ना तिला."

"मी बोलली का ती रडते. तू सांग."

ऐन थंडीत त्या गेल्या. बाबा वॉकर घेऊन त्यांच्या घरी आले. कुणीतरी खुर्ची पुढे केली, पण सुभद्राबाईंना उचलून नेईपर्यंत ते बसले नाहीत.

काही दिवसांनी मी पुन्हा गेले आणि सुनीताला निरोप सांगितला. ती ओट्याशी उभी होती.

"माहीत आहे मले ताई," ती म्हणाली. "मी दाराशीच होती. पडल्याचा आवाज आला तशी मी दार ठोकलं, हाका मारल्या. शेजारचे येऊन कडी तोडेपर्यंत त्या आतून एकच म्हणत होत्या, 'थांब वं, येऊ नको. उठून राहिली मी.'"