न वाजलेला स्वर

फ्रान्सहून आलेल्या एका संगीतकारांची नवी रचना आमच्या सभागृहात एक व्हायोलिनवादिका वाजवीत होती. शेवटी दीर्घ शांतता होती आणि तिच्यानंतर एकच स्वर. त्या स्वरासाठी आपण वर्षभर खपलो, असे त्यांनी सकाळी मला सांगितले होते. शांतता पसरली आणि अध्यक्ष शाल-श्रीफळ घेऊन मंचावर चढले.

"अजून संपलेले नाही," मी उभा राहून म्हणालो.

"बसा हो, आता काय राहिलंय?" शेजारचे गृहस्थ टाळ्या वाजवीत म्हणाले.

शांतता आपल्याला रिकामी जागा वाटते. दिसली की आपण ती भरून टाकतो. संगीतकारांनी नारळ निमूटपणे स्वीकारला. वादिकेने गज अजून तारेजवळ धरून ठेवला होता. सत्काराची भाषणे सुरू झाल्यावर तिने तो खाली घेतला.