बाबांची ड्यूटी आणि दोन नावांचं वायफाय

बाबांना विसर पडायला लागला तेव्हा आम्ही त्यांना पुलगावहून वर्ध्याजवळ पिपरी मेघेला आमच्याकडे आणलं. त्यांची सारी नोकरी दारूगोळ्याच्या डेपोत गेली. आई गेली, निवृत्तीही जुनी झाली, पण ड्यूटी काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. एका सकाळी ते रिकामा डबा घेऊन निघाले आणि सापडले ते थेट वर्धा स्टेशनवर, पुलगावच्या गाडीची वाट पाहत.

नवऱ्याने ठावठिकाणा सांगणारं घड्याळ आणलं. बाबा बाहेर पडताना ते काढून चपलांच्या रॅकवर ठेवायचे. डेपोत आत काही नेता येत नसे. काडीपेटी, बिडी, पुढे मोबाइल, सगळं गेटवर जमा. आता आमचं दारच त्यांचं गेट!

"आपण दोघं ऑफिसात असलो की बाहेरून कुलूप लावू," नवरा म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. समोरच्या काकू लक्ष ठेवायच्या, पण त्यांनाही त्यांचं घर होतंच. तरी मी भडकले. माझ्या बापाला मी कोंडणार नाही म्हटलं. दारावर कॅमेरा लावू. कोणी दाराशी आलं की मोबाइलवर दिसतं, तिथूनच बोलताही येतं.

"लाव. नाही जमलं तर कुलूप."

आणि जमेचना. कॅमेरा आपला "नेटवर्क सापडत नाही" हेच पालुपद लावून बसलेला, आणि त्याच वायफायवर माझ्या मोबाइलवर व्हिडिओ सुरळीत चाललेले. अख्खा रविवार त्यात गेला. नवरा मधूनच ड्रॉवरमधलं कुलूप काढून बघायचा. त्याचा मला जास्तच राग येत होता.

शेवटी उलगडा झाला. राउटरचे बँड दोन. पाच गिगाहर्ट्झवाला वेगवान, पण दोन भिंती आल्या की मान टाकतो. दोन पॉइंट चारवाला संथ, पण दारापर्यंत पोचणारा. कॅमेऱ्याला फक्त संथच कळतो, आणि आमच्याकडे दोघांचं नाव एकच. जुळ्यांना एकच नाव ठेवायचं आणि हाकेला भलताच आला म्हणून रडायचं, तशातली गत! राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघांची नावं वेगळी केली, मोबाइल संथवाल्यावर आणला, आणि कॅमेऱ्याचा निळा दिवा लागला. मी तिथेच टाळी वाजवली.

बाबा खुर्चीवरून सगळं बघत होते. "इथं कॅमेरा काऊन लावून राह्यली वं? परमिशन घेतली का?"

"घेतली, बाबा."

"मंग ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहा घेत होते तर मोबाइल वाजला. दारात बाबा. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. कॅमेऱ्यासमोर येऊन ते थांबले, डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. झडतीसाठी. दार सताड उघडं होतं, पण झडतीशिवाय गेट ओलांडायचं कसं?

मी बटण दाबलं. "बाबा, कुठी चालले? घरात जा बरं."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. हात तसेच वर. माझा आवाज त्यांनी ओळखला नाही. मग मी साहेबी सूर लावला, "आज सुट्टी आहे. गेट बंद. हात खाली घ्या."

"जी, मॅडम."

हात लगेच खाली आले. कुलूप टळलं म्हणून हायसं वाटलं. पण मुलीचं न ऐकणारा माणूस गेटवरच्या परक्या बाईचं मुकाट्याने ऐकत होता.

डबा उचलून ते आत वळले आणि पुन्हा कॅमेऱ्याजवळ आले.

"मॅडम, एक काम होतं. माही पोरगी आता शाळेतून येईन. मी नाई दिसलो तं लय रडते. तिले सांगजा, बाबा घरीच आहे म्हणून."

"सांगते," मी म्हटलं. हाफ डे टाकला आणि गाडी काढली.