मिरचीबाईचा आवाज

अफुआ सार्पोमा स्वभावानं इतकी मऊ, की कोंबडी कापायची वेळ आली की शेजारणीला हाक मारायची. पण घानातलं अख्खं कुमासी तिच्या आवाजाला टरकून होतं. रोज संध्याकाळी टीव्हीवर एक हिंदुस्थानी मालिका ट्वी भाषेत लागायची. तिच्यातल्या खाष्ट सासूला ट्वी बोलायला लावायची ती अफुआ. पडद्यावर जरीची साडी आणि रुपयाएवढी टिकली त्या नटीची, पण तोंडातून निघणारा जाळ हिचा. गावानं त्या सासूला नाव ठेवलं होतं ‘मामे माको’, म्हणजे मिरचीबाई. बोलण्याआधी मिरचीबाई दातांतून हवा ओढून लांबलचक ‘च्स्स्स्स’ करायची. तसं ते कुमासीत सगळेच करतात, पण अफुआचं म्हणजे तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखं.

एकदा बाजारात तिनं नुसतं “कसे दिले गं?” विचारलं, तर टोमॅटोवालीनं टोपलीवर फडकं टाकलं. “आधी त्या सुनेला घरात घे, मग टोमॅटो!”

त्यामुळे मुलगा क्वाकू जेव्हा म्हणाला, “आई, बिरागोच्या घरी दार ठोठावायला जायचंय,” तेव्हा अफुआनं कपाळालाच हात लावला. दार ठोठावायचं म्हणजे मुलीला मागणी घालायची.

“तिच्या आजीला दिसत नाही,” क्वाकूनं सांगून टाकलं, “पण मालिकेचा एक भाग सोडत नाही. कानांनी बघते.”

“मग मेलेच की रे मी! माझ्यामुळे तुझं लग्न मोडायचं!”

“तुला बोलायचंच नाहीये. बोआतेनकाका बोलणार. रीतच आहे ना.”

रीत खरीच होती. मागणीच्या बैठकीत आईबाप गप्प बसतात, घरातला बोलका माणूस बोलतो. अफुआ ओठ शिवल्यासारखी जाऊन बसली. बोआतेनकाकांनी रिवाजाप्रमाणे जिन दारूच्या बाटल्या पुढे ठेवल्या, खाकरले, “तुमच्या अंगणात एक फूल दिसलं…” वगैरे सगळं झालं. आता बाटल्या घ्यायच्या की नाही, म्हणजे होकार की नकार, ते मुलीला विचारायचं. ती नटून बाहेर येईपर्यंत मंडळी गप्पांना लागली.

“ते नायजेरियन पिक्चर नकोत बाई,” आजी म्हणाली. “अर्धा वेळ गाडी फाटकातून आत येते, अर्धा वेळ बाहेर जाते. मला नुसता भोंगा ऐकू येतो.”

“आणि आपल्याकडचे काय मोठे?” बिरागोची आई म्हणाली. “भाग एक, भाग दोन, भाग तीन, आणि चेटकीण काही मरत नाही!”

“कोरियातले डॉक्टर बघा,” बोआतेनकाका म्हणाले. “पेशंट आत तडफडतोय आणि हे बाहेर पावसात रडतायत!”

आजी खुदखुदली. मग एकदम गंभीर झाली. “पण मिरचीबाईसारखी मेली दुसरी नाही. सुनेच्या दुधात विष घातलं! असल्या घरात मी मांजर द्यायची नाही, मुलगी कुठली.”

अफुआनं लुगड्याचा काठ घट्ट धरला. क्वाकूनं तिच्या पायावर पाय ठेवला.

“आणि काल जिन्यावरून पडली म्हणे. नाटकं नुसती! किंचाळली तेसुद्धा खोटं.”

त्या किंचाळीपायी अफुआचा घसा आठवडाभर बसला होता. तिच्याही नकळत दातांतून निसटलं, “च्स्स्स्स.”

आजीनं कान टवकारले.

“परत कर,” आजी म्हणाली.

आता लपवण्यात काय राम होता? “विष तिनं नाही घातलं, आजी. धाकट्या सुनेनं घातलं. मिरचीबाईनं तर पेला हातातून उडवला. पण तिथे कोणालाच वाक्य नव्हतं. तुम्हाला नुसता पेला फुटलेला ऐकू आला.”

“बिरागो, आतच थांब!” तिची आई उठलीच. “ही बाई रोज असंच बोलेल माझ्या पोरीशी!”

“नाही हो काकी,” क्वाकू रडकुंडीला आला. “सगळं ओरडणं तिकडे स्टुडिओतच संपतं. घरी येते ती बसका घसा घेऊन. आल्याचं पाणीसुद्धा खुणेनं मागते.”

“पेला तिनं उडवला?” आजीचं अजून तिथंच अडलं होतं.

“आईशप्पथ,” अफुआ म्हणाली.

“आणि मी महिनाभर शिव्या घालतेय!” आजीनं चाचपडत अफुआचा हात शोधला, दोन्ही हातांत धरला. “ए, बस गं तू खाली,” ती बिरागोच्या आईला म्हणाली. “ही सून मारणारी नाही, वाचवणारी आहे.” मग तिनं भिंतीकडे हनुवटी केली. “पलीकडच्या ओसेईच्या शेळ्या रोज माझी कसाव्याची रोपं खातात. माझं कोण ऐकतंय? जरा बघता का, विहीणबाई?”

‘विहीणबाई’ ऐकल्यावर अफुआ उठली. लुगडं सावरलं, भिंतीपाशी गेली, छाती भरून हवा घेतली. “च्स्स्स्स! हे काय चाललंय, हे? कोणाच्या शेळ्या या?”

पलीकडे चपला फटफटल्या. एक शेळी ओरडली आणि एका पुरुषाचा केविलवाणा आवाज आला, “नेतो, नेतो बाई! सुनेला काही करू नका!”

आजी हसून हसून खोकायला लागली. “बिरागो, ये गं बाहेर,” ती म्हणाली. “या बाटल्या घ्यायच्या ना?”