शेळीनं फाडलेला कपडा

आमच्या घरात आजवर फक्त हळद. हळदीचा कंद मातीखाली पोसतो, वर फूल आलं काय न आलं काय, कुणी बघत नाही. मधमाशी म्हणजे डसणारी माशी, एवढीच आमच्याकडे तिची ओळख.

विहिरीजवळचा तुकडा मी हट्टानं मागून घेतला आणि कलिंगड लावलं. सासूबाईंनी तेव्हाच बजावलं, "औंदा कर तुझ्या मनासारखं. न्हाई लागलं तर पुढल्या साली तिथं हळद." किडीपासून वेल जपायला तारांच्या कमानींवर पांढरा कपडा टाकतात. तो मी असा ताणून बसवला की मुंगीलाही वाट राहू नये. कपडा कधी टाकायचा ते दुकानदारानं सांगितलं होतं. कधी काढायचा, ते आम्ही विचारलंच नाही.

आत वेल नुसते माजले. फुलं आली, काहींच्या पाठीशी बोराएवढी फळं दिसली, आणि पिवळी पडून गळून गेली. रोज सकाळी कपडा उचलून बघायचं, रोज तेच. माझी अन्नावरची वासना उडाली. सासूबाई येता-जाता डोकावून जायच्या, त्याचाच जास्त राग यायचा.

त्यात त्यांची शेळी दावं तोडून आली आणि तिनं कडेचा कपडा टराटरा फाडला. शेळीला मी जे बोलले ते तिच्या मालकिणीलाही ऐकू जाईल असंच बोलले. शिवायचंही मन होईना, भोक तसंच राहिलं.

काही दिवसांनी तिथं वाकले, तर लिंबाएवढी तुकतुकीत फळं! फक्त तिथंच. भोकातून मधमाश्यांची ये-जा चालली होती. नर फुलात लोळून परागानं माखायच्या आणि तशाच इवलं फळ पाठीशी असलेल्या मादी फुलावर जाऊन बसायच्या. ते फूल एकच सकाळ उघडं असतं. माशी आली तर फळ धरतं, नाहीतर गळतं. आणि तिलाच मी बाहेर ठेवलं होतं.

नवऱ्याला हाक मारली, दोघांनी सगळा कपडा गुंडाळला. वेलांवर कळ्या अजून भरपूर होत्या. दुसऱ्या सकाळी रानभर गुणगुण ऐकली आणि मी बांधावर बसून चक्क रडले. किती दिवसांनी जीव भांड्यात पडला होता.

गोरेगावच्या बाजाराला माल निघाला त्या दिवशी सासूबाईंनी अंगणात कलिंगड कापलं. पहिली फोड शेळीपुढं धरली, दुसरी मला दिली.

"पुढल्या सालीबी हेच लाव," त्या म्हणाल्या. "कपडा काढायचं ध्यानात न्हाई राहिलं तर सांग, शेळी सोडते."