मत न सांगणाऱ्या फ्लोरामावशी

बातमी मला शेजारच्या नोरीननं दिली. ऑक्टोबरातली सकाळ होती. मी एका पायात बूट घालून दुसरा शोधत होते आणि बेल वाजली. दारात नोरीन, दोन्ही हातांत चहाचे कप. रोजच्या सवयीनं तिनं दोन कप ओतले होते, ते घेऊन मागच्या अंगणात गेली होती, आणि तिथं फ्लोरामावशींच्या लेकीनं, सिमीनं तिला सांगितलं, की आई पहाटे झोपेतच गेली. आता कप कुठं ठेवायचे हे न सुचून ती तशीच माझ्या दाराशी आली. "फ्लोरा गेली," म्हणाली, आणि एक कप माझ्या हातात दिला. उंबऱ्यातच उभ्या राहून आम्ही दोघींनी तो चहा घेतला. मग नोरीनच म्हणाली, "ती असती तर विचारलं असतं, आजचा दिवस एक ते पाचमध्ये किती?" आम्हाला हसू आलं... आणि मग रडू आलं. फ्लोरामावशींच्या बाबतीत क्रम हाच असायचा, आधी हसू.

डब्लिनजवळ सिटीवेस्टला आमची तीन घरं एका रांगेत आहेत. या टोकाला आम्ही, मध्ये सिमी, पलीकडे नोरीन. सिमी काँप्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, इस्राएलहून बदलीवर आलेली. तिला मराठी समजतं हे मला वर्षभर ठाऊक नव्हतं, कारण ती कधी बोललीच नाही. २०२०च्या मार्चमध्ये तिची आई तीन महिन्यांसाठी म्हणून आली आणि बॅग रिकामी होते न होते तोच सगळा देश दारं लावून घरात बसला. एका दुपारी मी अंगणात माझ्या तन्वीवर ओरडत होते, "चपला घाल! ओल्या गवतात अनवाणी फिरू नकोस!" तन्वीचं आपलं डब्लिनी इंग्रजीत, "आय'म ग्रँड, मम!" इतक्यात कुंपणापलीकडून खणखणीत आवाज आला, "घाल गो पोरी! आई सांगते ती ऐक!" तन्वीनं मुकाट्यानं चपला घातल्या. मी मात्र तोंड उघडं टाकून उभी राहिले. पलीकडे स्कर्ट-स्वेटर घातलेल्या, पांढऱ्या केसांच्या बाई कपडे वाळत घालत होत्या आणि माझ्याकडे बघून मिश्किल हसत होत्या.

त्या अलिबागजवळच्या एका गावातल्या. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, ज्यांना आपल्याकडे शनवार तेली म्हणत. लग्न होऊन विशीत इस्राएलातल्या लोद शहरी गेल्या, पन्नास वर्षं तिथंच संसार केला, आणि मराठी मात्र तशीच जपली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सिमी इथं, आणि मुलगा एझ्रा लोदला. "तुम्ही तिकडे काय करत होता?" मी विचारलं, तर म्हणाल्या, "लोकांना फोन करून त्यांचं डोकं खायचे."

त्या जनमत चाचणी घेणाऱ्या एका कचेरीत होत्या. निवृत्त होईपर्यंत रोज संध्याकाळी कानाला फोन लावून अनोळखी घरांत प्रश्न विचारायच्या. देशाची सुरक्षा कशी वाटते, सरकारवर भरवसा किती, शांतता होईल असं वाटतं का, उद्या निवडणूक झाली तर मत कुणाला. उत्तर एक ते पाचमध्ये. त्या गोष्टी ऐकताना माझी भाजी करपायची. लोक आधी ओरडायचे, "कुठल्या पक्षानं पाठवलं तुला?" मग फोन आपटायच्या बेतात असायचे, आणि मग पाऊण तास बोलत बसायचे. एका आजोबांनी सुरक्षेच्या प्रश्नावर आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीगत सांगितली होती. एक बाई उत्तर देण्याआधी नवऱ्याला विचारायची, त्याचं मत ऐकायची, आणि बरोबर उलटं सांगायची.

त्यांनी सांगितलेली एक बाई मात्र मी विसरत नाही. एकदा तिनं सुरक्षेला पाच दिले, चाचणी महिन्याभरानं पुन्हा झाली तेव्हा एक. मावशींनी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं, की मागच्या वेळी तिचा लेक सैन्यातून सुट्टीवर आला होता, स्वयंपाकघरात बसून जेवत होता. आता तो परत सीमेवर होता. "देश तोच, सरकार तेच," मावशी म्हणाल्या. "पोरगा घरी जेवतो की नाय, येवढाच फरक. पेपरात मात्र छापून आलं असंल, जनतेचा कल बदलला."

माझा स्वभाव त्यांच्या अगदी उलटा. मला मत नाही असा विषय अजून निघायचाय. आमच्या नागपूरकडे मत नसलेल्या माणसाची तब्येत विचारतात. त्यामुळे मी पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "मावशी, तुमचं काय मत? तुम्ही कुणाला देता?" त्यावर त्यांनी फोनवरचा आवाज काढला, "सर्व्हे संपला, आभारी आहोत, तुमची संध्याकाळ सुखाची जावो!" आणि घरात निघून गेल्या. पुढं दीड वर्ष मी हा प्रश्न शंभर तऱ्हांनी विचारला. लाडीगोडी लावली, चिडवलं, पुरणपोळी खाऊ घालून विचारलं. पुरणपोळी खाल्ली, उत्तर तेच. प्रश्न विचारणाऱ्यानं आपलं मत सांगायचं नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम, आणि तो निवृत्तीबरोबर सुटला नव्हता. दुसरा नियम, उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. तिसरा, 'माहीत नाही' हेही उत्तर असतं, ते मान देऊन लिहायचं, समोरच्याला ढकलायचं नाही.

आमच्या मराठी मंडळालाही त्यांनी शिस्त लावायचा प्रयत्न केला. गणपतीचा कार्यक्रम झूमवर कसा करायचा यावरून ग्रुपवर हाणामारी चालली होती, म्हणून मी प्रश्नावली केली. पहिला प्रश्न, 'तुम्हीही लांबलचक भाषणांना कंटाळलात ना?' मावशींनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अगो, ह्यात उत्तर तूच दिलंस! आता विचारतेस कशाला?" त्यांनी सगळे प्रश्न नव्यानं, सरळ करून दिले. मतं आली. सर्वांत मोठा कौल होता, 'तुम्ही ठरवा, आम्ही येतो.' मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "इस्राएलात हे उत्तर कधी मिळालं नाय हो! तिथं दोन माणसं आणि तीन मतं."

पण त्यांचं खरं मैत्र जमलं ते नोरीनशी. नोरीन विधवा, मावशींच्याच वयाची, उत्तर आयर्लंडच्या सीमेजवळच्या मोनहानची. मावशी येण्याआधीच्या हिवाळ्यातल्या वादळात दोघींच्या अंगणांमधली कुंपणाची एक फळी उडाली होती, ती कुणी परत बसवलीच नाही. त्या फटीच्या अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक खुर्ची. दोन मीटरचं अंतर आपोआप पाळलं जायचं. रोज सकाळी नोरीन चहा करायची, मावशी त्यात आल्याचा तुकडा टाकायच्या आणि विचारायच्या, "आजचा दिवस, एक ते पाच?" नोरीन म्हणायची, "ग्रँड," म्हणजे छान चाललंय. "ग्रँड म्हणजे किती?" मावशी सोडायच्या नाहीत. पाय मोडला तरी आणि लॉटरी लागली तरी इथली माणसं ग्रँडच असतात, ही त्यांची मोठी तक्रार. शेवटी नोरीन वैतागून "साडेतीन!" म्हणायची आणि मग दिवस सुरू व्हायचा.

२०२१च्या मार्चमध्ये इस्राएलात निवडणूक आली, दोन वर्षांतली चौथी. आधीच्या तिन्हींना मावशींनी मत दिलं होतं, तिसऱ्यांदा मत देऊनच त्या विमानात बसल्या होत्या. करोनामुळे परत जाणं लांबतच गेलं होतं आणि परदेशातून मत देता येत नाही, त्यामुळे या वेळी घरीच. त्या दिवशी त्या ठेवणीतला ड्रेस आणि मोत्यांच्या कुड्या घालून सकाळपासून लॅपटॉपपुढं बसल्या. नोरीननं कुंपणातून विचारलं, "कुठं लग्नाला निघालीस का?" मावशी म्हणाल्या, "हो, पण आमंत्रण नाही." नोरीन पोट धरून हसली. ही आपली भारतीय मैत्रीण काहीतरी गमतीचं बोलते, एवढंच तिला कळलं.

कारण नोरीनला मावशी भारतीय वाटत होत्या. माशाचं कालवण, खोबरं, माझ्याशी चाललेली मराठी... तिनं कधी विचारलं नाही, सिमी कुठून आली हेही नाही, आणि मावशींना तर स्वतःबद्दल सांगायची सवयच नव्हती.

मग मे महिना आला. गाझावर बॉम्ब पडत होते, इस्राएलवर रॉकेटं. लोदमध्ये एझ्राच्या गल्लीत ज्यू आणि अरब शेजारी वर्षानुवर्षं राहत आलेले, त्या आठवड्यात दोघंही एकमेकांच्या भीतीनं दारं लावून बसले होते. सायरन वाजला की एझ्रा बायकापोरांना घेऊन आश्रयाच्या खोलीत पळायचा, आणि इथं मावशी हातात फोन धरून बसायच्या. नोरीन टीव्हीवर गाझातली मुलं बघून रडली होती. एका संध्याकाळी मावशी फिरायला जाऊन परत आल्या, तर नोरीनच्या खिडकीत पॅलेस्टाइनचा झेंडा लागलेला होता.

मावशी चहाला जाईनाशा झाल्या. नोरीन हाक मारायची, मावशी आतून "डोकं दुखतंय" म्हणायच्या. मी अर्थातच सल्ला द्यायला हजर. "मावशी, सांगूच नका. तिला वाटतंय ना भारतीय, आहातच की तुम्ही भारतीय! पासपोर्ट कोण बघतंय?"

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "आयुष्यभर मी दुसऱ्यांना विचारलं, तू कुठली, तुला काय वाटतं. लोकांनी खरं सांगितलं. आता मी खोटी बसू?" मग म्हणाल्या, "पण भीती वाटते गो. ह्या देशात माझ्या वयाचं माणूस मला एकच हाय. तीपण गेली तर मी सकाळी उठून काय करू?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कपडे वाळत घालत होते. मावशी फटीपाशी गेल्या. खुर्चीत बसल्या नाहीत. नोरीन झाडांना पाणी घालत होती. इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत मावशी म्हणाल्या, "नोरीन, मी भारतात जन्मले ते खरं. पण माझं घर लोदला आहे, इस्राएलमध्ये. माझा मुलगा तिथंच आहे. तुला हे माझ्याकडून कळावं असं वाटलं."

नोरीननं मान वर करून पाहिलं. मावशी थांबल्या, उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. मग नोरीननं झारी खाली ठेवली आणि सरळ घरात निघून गेली. दार लागलं. माझ्या हातातली चादर चिखलात पडली. मावशी तिथंच उभ्या, हात एकमेकांत गुंतवून. "मावशी, चला आत," मी म्हणाले. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मला तर नोरीनचं दार बडवावंसं वाटत होतं.

दार उघडलं. नोरीनच्या हातात दोन कप. चहा टाकायला गेली होती बया! एक कप तिनं फटीतून पुढं केला. "तुझा मुलगा," तिनं विचारलं, "आज घरी जेवला का?"

मावशींनी कप घेतला आणि खुर्चीत बसल्या. सुरक्षेला पाच देणाऱ्या त्या बाईची गोष्ट त्यांनी, देशाचं नाव न घेता, नोरीनलाही सांगितली होती, हे तेव्हा मला कळलं.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदाच आपणहून आत गेले. खोटं कशाला बोलू, वरच्या खिडकीत जाऊन उभी राहिले. ऐकू काही येत नव्हतं. मे महिन्यातली इथली संध्याकाळ संपता संपत नाही, आणि तेवढा वेळ मावशी बोलत होत्या. हात हवेत, बोटं मोजतायत, मध्येच डोळे पुसतायत. नोरीन मान हलवून "नाही, नाही" करत होती, मग तीही काहीतरी सांगत होती, बहुतेक तिच्या लहानपणीच्या सीमेवरच्या सैनिकांचं. एकदा तर भांडतायत असंच वाटलं. आणि शेवटी दोघी इतक्या जोरात हसल्या की नोरीनचा कुत्रा भुंकायला लागला. झेंडा खिडकीतच राहिला. सिमीनं विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "झेंडा तिचा, खिडकी तिची. चहा दोघींचा."

युद्धबंदी झाली, एझ्रा सुखरूप होता. मावशींनी मलिदा केला. एलियाहू नबीच्या नावानं करायचा, आभाराचा. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. अंगणात आम्ही सगळे. हिब्रू प्रार्थना, मध्येच मराठी, आणि तन्वीचं "कॅन आय हॅव सेकंड्स?" नोरीननं हातानं खाल्लं आणि तिसऱ्यांदा घेताना जाहीर केलं, "पाच." सव्वा वर्षात तिनं दिलेले ते पहिले पाच. मावशी तो आकडा दिवसभर मिरवत होत्या. "लिहून ठेव गो," मला म्हणाल्या, "आयरिश बाईनं पाच दिले!"

त्या गेल्यावर सिमी त्यांच्या सुतकाच्या रीतीप्रमाणे सात दिवस आरसे झाकून जमिनीलगत बसली. नोरीन रोज सँडविच घेऊन यायची, त्यांना खाण्यात काय चालतं काय नाही हे आधी सिमीला विचारून. दफनाच्या वेळी तिनं खिशातून स्वतःच्या अंगणातला एक दगड काढून मातीवर ठेवला. ज्यूंची ही रीत तिला कुणी सांगितली, विचारायची गरज नव्हती.

मागच्या आठवड्यात मी त्या फटीपाशी गेले. फळी अजून बसवलेली नाही, दोन्ही खुर्च्या जागेवर आहेत. नोरीन चहा घेऊन आलीच, आल्याचा तुकडा घातलेला. मी मावशींच्या खुर्चीत बसले आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारून टाकलं. "नोरीन, त्या संध्याकाळी त्या तुझ्याशी एवढं बोलल्या... त्यांचं मत काय होतं गं? कोण बरोबर, कोण चूक? मत कुणाला द्यायच्या?"

नोरीन कपात बघून हसली. "तिनं विश्वासानं उत्तरं दिली," म्हणाली, "ती बाहेर सांगायची नसतात. नियम आहे."

मी हरले. तिनं खुर्ची जरा पुढं ओढली. "आता तू सांग. आजचा दिवस, एक ते पाच?"

मी तोंड उघडलं. मला मत नाही असा विषय अजून निघायचा होता ना, तो निघाला. नोरीन गप्प बसून राहिली. चहाची वाफ विरली.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"तेही उत्तरच आहे," नोरीन म्हणाली, आणि माझा कप भरला.