वाचून दाखवला, असं मी लिहिलं

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते उमरेडच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या आमच्या बाईंचं. वडील कोळशाच्या खाणीत मजूर होते, आईला अक्षरओळख नव्हती. घरी सरकारी पत्र आलं की शेजारी जाऊन वाचून घ्यावं लागे. बाई मला रविवारी घरी बोलवायच्या. विषय सोडायचा नाही, वाक्य अर्धवट ठेवायचं नाही, घरची बोली कागदावर आणायची नाही. मी निबंधात ‘मले’ लिहिलं की त्या लाल रेघ मारायच्या आणि मग पोहे द्यायच्या. पदवी मिळाली तेव्हा मी आईच्याही आधी त्यांच्या पाया पडलो. आईला त्याचं काही वाटलं नाही, उलट तिनंच मला आधी तिकडे पाठवलं होतं.

पुढे मी पोलिसात भरती झालो आणि नागपुरात आलो. आमच्या ठाण्यातल्या उपनिरीक्षक साहेबांनी माझं लिखाण पाहून मला त्यांचा रायटर केलं. तपास अधिकाऱ्याचं सगळं लिखाण करणारा शिपाई म्हणजे रायटर. लोक बोलत, मी जबाब लिहीत असे. साहेब म्हणायचे, “याचा जबाब वाचला का वकिलाले झोप येत नाई गा.” सोबतची महिला शिपाई म्हणायची, “तुले तं मास्तर व्हाचं होतं. इथं काहून आला?”

जबाबाची शेवटची ओळ ठरलेली असते. वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. दवाखान्यात घाई असते म्हणून ती ओळ मी ठाण्यातूनच कागदाच्या तळाला लिहून नेत असे. वर जबाब बसवायचा आणि सही घ्यायची. असं करू नये, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

गेल्या वर्षी सरकारी दवाखान्यातून फोन आला. कन्हानकडची एक बाई रक्तस्राव होऊन भरती झाली होती. सातव्या महिन्यात घरीच मोकळी झाली होती आणि मूल सोबत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. साहेब, महिला शिपाई आणि मी गेलो. बाई पंचवीस-सव्वीसची. हाताला सलाईन, पायाशी सासू बसलेली.

“मूल कुठं आहे?” साहेबांनी विचारलं.

“मरेलच निघालं साहेब,” ती म्हणाली. “रडलं नाई, हललं नाई.”

“मग?”

सासू बोलली. “मग काय? फडक्यात गुंडाळलं अन् नदीकडं पुरून आली मी. आमच्यात लहान लेकराले जाळत नाई. माह्यीबी दोन तिथंच हायेत.”

“कोणाला सांगितलं?”

“कोणाले सांगाचं होतं?” बाई म्हणाली. “मरेल लेकराचं कोणी सांगते का?”

साहेबांनी विचारलं, मूल नको होतं का? तिनं सरळ सांगितलं की तिसऱ्या महिन्यात ती खाजगी दवाखान्यात गेली होती. पहिली मुलगी दोन वर्षांची, नवरा कामाला म्हणून गेला तो परतलाच नव्हता. दवाखान्यात म्हणाले, नवऱ्याची सही आण. अशी सही कायद्याला लागत नाही, हे तिला माहीत नव्हतं. त्या वेळी मलाही नव्हतं.

“मग राहू देलं,” ती म्हणाली.

सासू म्हणाली, “राहू देलं म्हंजे काय? जीव लावला तिनं. माह्या लुगड्याच्या दुपट्या शिवल्या बसून. लिहा नं ते बी, भाऊ.”

ते मी लिहिलं नाही. विषयाला सोडून होतं.

मी लिहिलं ते असं: सदर गर्भ मला नको होता. घडला प्रकार कोणासही कळू नये या उद्देशाने मृत अर्भक सासूमार्फत नदीकाठी पुरून त्याची विल्हेवाट लावली. वाक्य पूर्ण होतं. कागद तिच्यापुढे धरला. तिनं सलाईन नसलेल्या हातानं सही केली. आम्ही चहा घेऊन ठाण्यात परतलो.

सरकारतर्फे गुन्हा दाखल झाला. जन्म लपवण्यासाठी मृतदेहाची गुप्तपणे विल्हेवाट लावली, असं कलम लागलं आणि गर्भपात घडवल्याचाही संशय धरला. दवाखान्यातून सोडल्यावर तिला अटक झाली. जामीन व्हायला अकरा दिवस लागले. शाळेत खिचडी शिजवायचं तिचं काम गेलं. हे सगळं मीच टाइप केलं. हात नेहमीसारखे चालले.

कोर्टात तारखेला मी साहेबांची फाईल घेऊन उभा होतो. बाकड्यावर तिची सरकारनं दिलेली वकीलबाई तिला जबाब वाचून दाखवत होती. तिनं तो पहिल्यांदा ऐकला.

“हे मी नाई म्हटलं,” ती म्हणाली. “हे कोण बोलून राहिलं?”

“सही तुझीच आहे ना बाई?”

“हाव.”

“मग? इथं तर लिहिलंय, वाचून दाखवला म्हणून.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “या भाऊनं कुठं वाचला? भाऊ, तुमीच सांगा नं.”

मी फाईल या हातातून त्या हातात घेतली. पुकारा झाला आणि ती आत गेली. त्यानंतर चार महिने मी जबाब लिहीत होतो, तळाची ओळ आधी लिहूनच. मला झोप लागत होती, भूकही लागत होती.

मग मी काय केलं, ते उमरेडच्या बाईंना पाठवलेल्या पत्रात आहे. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

“बाई, नमस्कार.

हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. एका बाईचा जबाब मी तिला वाचून न दाखवता, दाखवला असं लिहिलं. ‘कोणासही कळू नये या उद्देशाने’ हे शब्द माझे आहेत. तिनं ते म्हटले नव्हते. त्या शब्दांवर तिच्यावर खटला उभा आहे. सोमवारी मी हे साहेबांना लेखी दिलं आणि एक प्रत तिच्या वकीलबाईंना दिली. साहेब म्हणाले, तुले इतकी भाषा कोणं शिकवली गा? मी तुमचं नाव सांगितलं नाही.

माझं लिखाणाचं काम काढून घेतलं आहे. आता बंदोबस्ताला उभा असतो. चौकशी होईल. तिचा खटला मात्र संपलेला नाही. मी दिलेल्या कागदाचा उपयोग होईलच असं वकीलबाई म्हणत नाहीत. मूल मेलेलंच जन्मलं हे सिद्ध करायचं तर काय दाखवायचं, असं त्या बाईनं मला विचारलं.

लिहून दिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही.

बुधवारी तिची तारीख आहे. रजा मागितली आहे. नाही मिळाली तरी जाईन.

तुमचा विद्यार्थी”