काळी पडलेली पाटी

आमच्या घरात दिवा विझला म्हणायची चोरी. शांत झाला म्हणायचं. बांगडी फुटली तरी वाढवली. धारच्या जुन्या मराठी घरांत हे अजून चालतं. घरात चालू दे. मशीनमध्ये मी चालू देणार नाही.

देवासला आमचं छोटं युनिट धर्मकाट्याच्या पाट्या बनवतं. ट्रॉली काट्यावर चढली की लाल आकड्यांत वजन दाखवते ती पाटी. सरदारपूरहून तक्रार आली: दुसरी ट्रॉली चढली तरी वजन पहिलीचंच. मी ड्रायव्हर उघडला, म्हणजे पाटीला आकडा पोचवणारा प्रोग्राम. आकडा मिळाला की नाही, हे पाटी दर वेळी कळवते. हा पठ्ठ्या तिचं 'नाही' गिळून वर 'सगळं ठीक' सांगत होता! माझं डोकंच फिरलं. आता प्रत्येक उत्तर तपासलं जाईल, 'नाही' आलं की पाटीची वीज बंद आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवर कारण, असं मी करून टाकलं.

तो ड्रायव्हर आमच्या मालकांनीच लिहिलेला. तेही धारचे, मी त्यांना काका म्हणते.

"अगं बेटा, उद्या पीपलरावां गावात नव्या पाटीचा मुहूर्त आहे. ऐन वेळेला पाटी काळी पडली तर? केवढा अपशकुन! काढून टाक ते."

"नाही काढणार. काढायचंच तर मला काढा."

"ठीक है. पाटी काळी पडली, तर परवापासून येऊ नकोस."

पीपलरावांला काटेवाल्यानं नारळासाठी दगड शोधला नाही, पाटीच्या लोखंडी पेटीवरच हाणला. पाणी थेट वायरींच्या जोडात गेलं. पाटीचं 'नाही' आलं, वीज बंद, पाटी काळीठिक्कर! काट्यावर सोयाबीनची ट्रॉली, मागे रांग.

"ये क्या हो गया, भिया?" काटेवाल्यानं विचारलं.

"कुछ नहीं, सब ठीक है," काका म्हणाले.

"ठीक नहीं है," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पाटी बंद पड़ी है. अभी तौल मत करो."

ट्रॉलीवाल्यानं इंजिन बंद केलं. "तो रुक जाते हैं," म्हणाला आणि बिडी पेटवली. जोड पुसून वाळवला, पाटी लागली, वजन झालं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला कामावर गेले. काका दारातच उभे होते.

"जुना ड्रायव्हर परत टाकायचा असेल तर आत्ताच सांगा," मी म्हणाले, "मी इथूनच घरी जाते."

ते बाजूला सरकले.